कथेतला आळशी कारकून

तीर्थरूप ताईस, कंबर धरल्यामुळे साष्टांगातली टेकतील तेवढीच अंगं टेकवून नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजी अजून रेडिओशी भांडतात का?

इकडे मी संध्याकाळच्या कथालेखनाच्या वर्गाला जातो. हसू नकोस. तिथला दंडक असा की कथा वाचून झाली की लेखकाने मौन पाळायचं आणि बाकीच्यांनी बोलायचं. माझ्यासारख्याला ही जन्मठेपच.

मी लिहिलं होतं प्रहसन. एक कारकून सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून उठतच नाही, चहासुद्धा नको म्हणतो. निद्रादेवीचा एकनिष्ठ भक्त म्हणून मी त्याची यथेच्छ टिंगल केली होती. कोणीच हसलं नाही.

"हा आळशी नाहीये हो, खचलाय," वर्गातल्या, बस चालवणाऱ्या बाई म्हणाल्या. "याला कोणी विचारलं का, बाबा रे, झोप लागते का?"

शिंपीदादा म्हणाले, "माझंही असंच झालं होतं. डॉक्टरकडे गेलो, तेव्हा कुठे सावरलो."

मौन नसतं तर मी विनोद करून सुटलो असतो. कारकून कोण, ते तू ओळखलंच असशील.

दुसऱ्या दिवशी मीही डॉक्टरकडे गेलो. औषध चालू आहे, झोप लागू लागली आहे. काळजी करू नकोस. थोडी केलीस तरी चालेल.

पुढच्या भागात मी कारकुनाला ठणठणीत करून कचेरीत धाडणार होतो. त्याच बसवाल्या बाई म्हणाल्या, "एवढी घाई कशाला? आधी त्याला घरच्या कोणालातरी खरं सांगू दे."

म्हणून हे पत्र.

तुझा धाकटा