डांबरगोळ्या आणि आमचं रक्त

जळगाव, सोमवार, १७ नोव्हेंबर १९५८

आज भाचीच्या, सुमनच्या बाळाचा लंगोट स्वच्छ निघाला! इतके दिवस त्यावर काळ्या चहासारखा डाग पडत होता, बाळही पिवळं पडलेलं. सुमनच्या सासूबाई असोद्याहून येऊन म्हणाल्या, "तुमच्या पोरीनंच कायतरी खाल्लं आसीन." मी म्हटलं, "अक्का, लाडू तुम्हीच पाठवले होते."

पण तो रंग मी पाहिला होता. कुठे? नानाकडे! माझ्या या भावाला हिवतापाची नवी गोळी घेतल्यावर अशीच लघवी झाली होती. तीच गोळी सगळ्या गल्लीनं पचवली. बाळाला तर गोळी दिलीच नव्हती; मग त्याच्या अंगाला काय लागलं? त्याला गुंडाळायला घेतलेलं, सुमनच्या आईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या ट्रंकेतलं जुनं मऊ कापड, डांबरगोळ्यांच्या वासाचं. शेजारच्या तान्हीलाही त्यातलंच दिलं होतं; ती ठणठणीत.

कापडाचा संशय ऐकून डॉक्टर आधी हसले. नानाचं ऐकून गंभीर झाले. "काही घराण्यांच्या रक्ताला ती गोळी, डांबरगोळ्या अशी द्रव्यं सोसत नाहीत. कापड आधी काढा." मग हसलात कशाला?

काढलं, आणि आज हा लंगोट. म्हणजे दोष सुमनच्या खाण्यात नाही, आमच्याच रक्तात आहे. हे अक्कांना सांगावं लागेल. सांगेन, आधी त्यांना हा स्वच्छ लंगोट डोळे भरून पाहू दे.