आईची एकनळी

आई,

बंदुकीबद्दल आपण दोघी कधी बोललोच नाही. ती घरात आली, भिंतीवर टांगली गेली, गावभर तिची चर्चा झाली. आपण तिच्याखाली बसून गहू निवडले, पापड लाटले, भांडलो, पण तो विषय काढला नाही. तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. राग मात्र आठवावा लागत नाही, तो असतोच. म्हणून लिहायला बसले आहे.

आप्पा विहिरीवर मोटार चालू करायला गेले आणि शॉक लागून तिथंच गेले, तेव्हा मी मॅट्रिकला होते. द्राक्षबाग नवी होती, पहिलं पीक अजून हाती यायचं होतं. काकांनी दहाव्याच्या घाटावरच सुरुवात केली. बाईमाणसाला बाग झेपत नाही, मळा आमच्याकडं द्या, तुम्ही मायलेकी गावातल्या घरात या, जेवायला कमी पडणार नाही. तू "बघू" म्हणालीस. पुढं दोन वर्षं तू "बघू"च म्हणत राहिलीस आणि बाग मांडवावर चढवलीस. फवारणीचा पंप पाठीला लावून तू ओळीतून चालायचीस तेव्हा रस्त्यानं जाणारे सायकली थांबवून बघायचे.

मग ती सकाळ. बाग नेहमीसारखीच हिरवी दिसत होती. दुपारी बांधाकडच्या दोन ओळींनी माना टाकल्या. तुला वाटलं पाणी कमी पडलं, तू पाणी सोडलंस. उन्हं उतरली तरी पानं लोंबतच राहिली, तेव्हा तू वाकून बुंध्याशी पाहिलंस. एकेक वेल जमिनीलगत कापलेली होती, आणि खूण दिसू नये म्हणून वर माती ओढलेली होती. कापणाऱ्याला बागेतलं कळत होतं. तू रडली नाहीस. मातीचे हात लुगड्याला पुसलेस आणि म्हणालीस, "बंदूक घ्यायची." मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलंय तुझं.

बंदुकीच्या परवान्याच्या चौकशीला पोलीस जमादार आला तेव्हा मी ओट्यावर होते. खाटेवर बसून, पाणी पिऊन तो म्हणाला, "बाई, बंदूक कशाला पाहिजे तुम्हाला? दीर हायेत की जवळच."

"म्हणून तर पाहिजे," तू म्हणालीस.

तो हसला. तू हसत नाहीस हे पाहून थांबला. अर्जात अर्थात दरोडेखोरांची भीती असंच लिहावं लागलं. दिराचं नाव लिहायची सोय नव्हती. कलेक्टर कचेरीत खेटे घालून घालून तुझ्या चपलेचा अंगठा तुटला. तिथं प्रत्येकजण विचारायचा, माणूस कोण आलंय बरोबर? तू माझ्याकडं बोट दाखवायचीस.

परवाना मिळाल्यावर आपण मामाला घेऊन नाशकात मेन रोडमागच्या त्या दुकानात गेलो. मला ते दुकान अजून दिसतं. काचेच्या कपाटात साखळी ओवून उभ्या केलेल्या बंदुका, तेलाचा वास, आणि पांढऱ्या दाढीचा दुकानदार. त्यानं पहिली बंदूक काढून मामाच्या हातात दिली. मामानं ती कशी धरायची ते न कळून पोरासारखी कुशीत घेतली. तू हात पुढं केलास. "इकडं दाखवा. चालवणार मी हाय."

दुकानदारानं तुझ्याकडं नीट पाहिलं, आणि मग मामाशी बोलायचं सोडून तुझ्याशीच बोलायला लागला. एवढा मान त्याला द्यायला हवा. आधी त्यानं एक छोटं रिव्हॉल्व्हर दाखवलं. बायकांना हलकं पडतं म्हणाला. तू विचारलंस, "लांबवर लागतं का?"

"नाही बाई. जवळूनच. आणि हात सरावलेला पाहिजे, नाहीतर दहा पावलांवरचा माणूसही चुकेल. रोज सराव कराल?"

"रोज भाकऱ्या करते," तू म्हणालीस. "हे नको."

मग दुनळी. दोन बार एकामागून एक, एक चुकला तर दुसरा हाताशी. मामाला ती फार आवडली. तू ती खांद्याला लावलीस आणि थोड्याच वेळात नळी खाली झुकायला लागली. तू ती परत केलीस. शेवटी एकनळी आली. ती तुला पेलली, पण दस्ता लांब पडत होता, चापापर्यंत बोट जेमतेम जात होतं. दुकानदार म्हणाला, दस्ता पुरुषांच्या मापाचा असतो, सुताराकडून थोडा कापून देतो. मामा म्हणाला, "कापल्यावर उद्या विकायची म्हटली तर कोण घेईल?" तू म्हणालीस, "विकायला घेत नाय मी."

आणि मग तू तो प्रश्न विचारलास. "घरात भरून ठेवायची का रिकामी?"

"रिकामी. काडतुसं वेगळी, कुलपात. घरात मुलगी आहे तुमच्या."

"मग चोर आला तर? त्याला थांब म्हणू, कुलूप काढते?"

दुकानदार हसला नाही. म्हणाला, "बाई, दिवसा सगळ्यांना दिसेल अशी टांगा. बंदूक घरात आहे हे गावाला कळलं की अर्धं काम तिथंच झालं. उरलेलं अर्धं करायची तयारी असेल तरच न्या. नसेल तर कुत्रा पाळा."

तू म्हणालीस, "तयारी हाय." इतक्या शांतपणे म्हणालीस की माझ्या अंगावर काटा आला. आई, त्या दिवशी परतीच्या एसटीत तुझ्या शेजारी बसताना मला जगात कुणाचीच भीती वाटत नव्हती. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहिताना ते राहून जाईल.

तू ओढ्याच्या काठी पत्र्याचा डबा ठेवून बार काढायला शिकलीस. पहिल्या बारानं तुझा खांदा काळानिळा झाला. काका आले ते त्यानंतर, भर दुपारी, दोन माणसं आणि पहार घेऊन. बांधाचा दगड सरकलाय, तो जागेवर आणायचा म्हणे. तू आत गेलीस, बंदूक घेऊन ओट्यावर आलीस, ती मोडून उघडलीस आणि त्यांच्यादेखत एक काडतूस आत सरकवलंस. नेम धरला नाहीस. आवाजही चढवला नाहीस. म्हणालीस, "भाऊजी, या, बसा. चहा ठेवते. ती माणसं तेवढी बांधापलीकडं राहू द्या." काका उभे राहिले, मग वळले. बागेची एकही वेल पुन्हा कापली गेली नाही. गावात तुला मागून "बंदूकवाली" म्हणायला लागले आणि समोर "ताई". शेजारच्या मळ्यातल्या सुना काही झालं की तुझ्याकडं यायच्या. एकीचा नवरा पिऊन मारायचा, त्याला तू ओट्यावर बोलावून बसवलंस आणि भिंतीकडं नुसतं बघितलंस, असंही सांगायचे. मी ते कौतुकानं ऐकायचे. पुढं मला ते ऐकवेनासं झालं.

माझं लग्न तूच ठरवलंस. मुलगा सातपूरला कंपनीत, कायम नोकरी, कॉलनीत दोन खोल्या. पहिला मार कशावरून पडला ते लिहीत नाही, कारण कारण काहीच नव्हतं. सेकंड शिफ्टवरून आला, ताट झाकलेलं होतं, आमटी गार होती. पुढच्या वेळी आमटी गरम होती. दुसऱ्या दिवाळीनंतर मी उठले आणि मळ्यात आले. पाठीवर पट्ट्याचे वळ होते. तू मला न्हाणीघरात नेलंस, पोलकं काढायला लावलंस, बघितलंस, आणि खोबरेल तेल लावलंस. मला वाटलं, आता ही उठेल.

तू उठलीस ती कणीक मळायला. तो आणि सासरे मला न्यायला येणार म्हणून निरोप आला होता आणि जावई जेवायला थांबणार होते. दोघं भिंतीला टेकून बसले. बरोबर बंदुकीखाली. तू वाढत होतीस. सासऱ्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "विहीणबाई, आमचं काही चुकलं तर सांगा हो, पण ती खाली घेऊ नका." तो हसला. पंगतीला बसलेला मामाही हसला. मी चुलीपाशी होते, मला तुझा चेहरा दिसत होता. आई, तू पण हसलीस. पदर तोंडाला लावून, लाजल्यासारखी हसलीस आणि त्याच्या पोळीवर तूप वाढलंस.

निघताना मी तुला गोठ्यामागं गाठलं. म्हटलं, "काकांसाठी बंदूक घेतलीस. दुसऱ्यांच्या सुनांसाठी नवऱ्यांना ओट्यावर बसवलंस. माझ्यासाठी?"

तू दावं सोडवत होतीस. माझ्याकडं न बघता म्हणालीस, "ते येगळं, बाई. मळा आपला होता."

मी मोटरसायकलवर मागं बसून गेले. रस्ताभर ते वाक्य उलटंपालटं करत होते. त्याचा दुसरा काही अर्थ निघतो का बघत होते. अजूनही कधीमधी बघते. निघत नाही.

त्या घरात मी आणखी काही वर्षं काढली. मग एके दिवशी तो कामावर गेल्यावर एका पिशवीत दोन साड्या घेऊन बाहेर पडले. तुझ्याकडं यायचा विचारही केला नाही. सातपूरच्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये मोटारींच्या कॉइल गुंडाळायचं काम मिळालं, तिथल्या एका बाईनं नाशिक रोडला खोली बघून दिली. घरमालकीण बौद्ध होती. तिच्या बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि तिचा नवरा सरकारी नोकरीत, सकाळी डबा घेऊन निघायचा. एका रविवारी दुपारी, तिचा नवरा बाहेर गेलेला असताना, माझा नवरा मला शोधत तिथं आला. मी आतल्या खोलीत. ती अंगणात शेवया वाळत घालत होती. उठली आणि दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. बुटकी बाई, तुझ्याहून बुटकी.

"ती हाय का आत?" त्यानं विचारलं.

"हाय. पण यायची नाय."

"माझी बायको आहे."

"असंल. ह्या घरात माझी भाडेकरू हाय. निघा आता."

तो दोन शिव्या देऊन पुढं सरकला. ती मागं सरली नाही. तिनं शेजारणीला नुसती हाक मारली, मग दुसरीला, आणि गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून एकेक करून येऊन उभ्या राहिल्या. तो गेला, आणि पुन्हा आला नाही. ती येऊन परत शेवया घालायला बसली. आमची ओळख होऊन पुरता महिनाही झाला नव्हता. मी आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून रडले ते सुटले म्हणून नाही. हे एवढंच करायचं होतं, आई. दारात उभं राहायचं होतं. त्याला परवाना लागत नव्हता.

मळा तू शेवटी काकांच्या धाकट्या मुलाच्या नावावर केलास. अग्नी द्यायला मुलगा पाहिजे आणि नांदत नसलेल्या मुलीला जमीन दिली तर लोक हसतील, असं तू मामाला सांगितलंस, त्यानं मला. ज्याच्यापासून राखलास त्याच्याच घरात गेला. तू गेल्यावर त्या पोरानं बाग तोडून प्लॉट पाडले. बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. तिथल्या हवालदारानं मला विचारलं, वारस म्हणून तुम्हाला ठेवायची का? मी नको म्हटलं. मला तिचं वजनही माहीत नाही. इतकी वर्षं घरात होती, तू मला कधी हातात दिली नाहीस.

एक राहिलं. तू जायच्या आदल्या वर्षी एकटीच नाशिक रोडला माझ्या खोलीवर आली होतीस, टोपलीत द्राक्षं घेऊन. कुणी सांगितला पत्ता ते विचारलं नाही. तू पलंगावर माझ्या डाव्या बाजूला बसलीस. बाहेर रस्त्यावर टांगे, रिक्षा, स्टेशनची गर्दी. मग तू काहीतरी म्हणालीस, हळू, मान खाली घालून. माझा डावा कान नवऱ्याच्या मारानं कधीच गेला होता, तुला ते कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही. मला फक्त तुझे ओठ हलताना दिसले. मी मान हलवली. तूही हलवलीस, आणि थोड्या वेळानं उठलीस.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, पाठवायचं तर नाहीच. तू काय म्हणाली असशील याची मी इतक्या वर्षांत किती वाक्यं बनवली, ती तुला सांगत बसत नाही. त्यातली काही फार चांगली आहेत. त्या वेळी मी उजवा कान तुझ्याकडं करून "काय म्हणालीस?" असं विचारू शकले असते. विचारलं नाही, कारण तू कदाचित परतीच्या एसटीची वेळच विचारली असशील, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.