सातव्या समुद्राच्या अलीकडे

आबा, काल वडवणीच्या मंगल कार्यालयात तुमचा राक्षस मेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, आणि तेव्हापासून माझं काही खरं नाही. सकाळपासून अक्काच्या ओसरीवर बसतो आणि उठतो. दोनदा चहा गार झाला. रातोरात मुंबईला परतलेल्या निर्मात्याचे फोन येतायत, ते उचलत नाही. म्हटलं, तुम्हालाच लिहावं. तुम्ही उलट फोन करणार नाही एवढी तरी खात्री आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात कुणाच्या तरी हाताखाली शूटिंगचे दिवे उचलत होतो, आणि तुम्ही गावभर सांगायचा की पोरगं लायटीच्या खात्यात लागलंय. आता मी स्वतः सिनेमे काढतो. गेली तीन वर्षं एकाच गोष्टीच्या मागे आहे, घरोघरी सांगतात त्या: राजकन्येला पळवणारा राक्षस, सात समुद्रांपलीकडचा पिंजरा, पिंजऱ्यातला पोपट आणि त्या पोपटात राक्षसाचा जीव. निर्मात्याला डोळे दिपवणारं काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, त्याची काळजी नको, आमच्या आबांचे समुद्र आहेत.

तुम्ही खरा समुद्र कधी पाहिला नाही हे बरंच झालं. रात्री कुणाच्या तरी रानात आपली मेंढरं बसवलेली असायची, भोवती जाळी लावून झालेली. आई चुलीवरून शेवटची भाकरी काढतेय आणि माझं डोकं तुमच्या मांडीवर आहे, थोरली अक्का पलीकडं पडलीय. पहिला समुद्र दुधाचा. दुसरा काकवीचा, राजपुत्राचा घोडा त्यात गुडघ्यापर्यंत रुतलाय आणि पुढं जायचं सोडून पाय चाटत बसलाय. तिसरा करडईच्या फुलांचा, काट्यांसकट. चौथा कापसाचा, पाचवा धुरळ्याचा, सहावा नुसत्या मेंढरांच्या पाठींचा, त्यावरून राजपुत्र एकेक पाय टाकत निघालाय. सातवा काळा. तो आला की तुम्ही घोंगडी माझ्या डोक्यावरून ओढून घ्यायचा. मी 'हं, हं' म्हणत राहायचो, कारण हुंकार थांबला की गोष्ट थांबली, हा तुमचा कायदा होता. त्या लोकरीच्या उबदार वासात माझा हुंकार नेमका कधी थांबायचा ते मला आजतागायत कळलेलं नाही. सकाळी विचारलं, पुढं काय झालं, तर तुम्ही म्हणायचा, "दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो बाबा." मामा तर समोरच जाळी गुंडाळत उभा असायचा.

ते सगळे समुद्र मी पडद्यावर आणलेत, आबा. काकवीची लाट उठते तेव्हा माझ्याच तोंडाला पाणी सुटतं. फक्त सातवा बदलला. निर्माता म्हणाला, काळा पडदा बघायला कोण तिकीट काढतं, आणि मलाही ते पटलं. आम्ही तो निळ्या उजेडानं गच्च भरून टाकला. तुमच्याकडून शेवट ऐकायचा राहिला होता, पण या गोष्टीचा शेवट शेंबड्या पोरालाही माहीत असतो. राजपुत्र पोपटाचा पाय मोडतो, तिकडं राक्षसाचा पाय मोडतो. पंख उपटतो, राक्षसाचा हात गळून पडतो. मग मान. तो प्रसंग मी हौसेनं लिहिला आणि त्याहून हौसेनं चित्रित केला. त्यात हिरवं पीस न् पीस दिसतं. त्याच्या तोडीचं काम मी आजवर केलेलं नाही.

इथल्या पोरांना सिनेमा दाखवून बघायचा ठरला, म्हणून परवा मी अक्काकडं आलो. ती डाळ पाखडत होती. सहज विचारलं, आबा पोपटाला कसं मारायचे गं?

"येडा हाईस का? दिवसाउजेडी गोष्टी सांगतेत का कुणी? मामा वाट चुकतो."

"अक्का, मामाला जाऊन किती वर्षं झाली. आता कुठं वाट चुकणार?"

"तरी बी न्हाई."

दिवेलागणीला, देवापुढं दिवा लावून झाल्यावर ती आपणहून बोलली. "आबा पोपट मारायचेच न्हाईत. तू झोपावं म्हणून तर समुद्र लांबवायचे. आधी नुसती नावं घेऊन पार व्हायचे सातीच्या साती. तू लई येळ जागा ऱ्हायला लागलास, मग एकेक वाढवत नेला."

"आणि तू? तू तर जागी असायचीस."

"असायचे की. मी म्हणले, कावून थांबला, सांगा की पुढं. तर म्हणले, मुक्या जिवाची मान मोडायची गोष्ट लेकराच्या कानात कशाला घालायची? राक्षस ऱ्हाऊ दे तिकडंच. सात समुद्र हायेत मधी."

मला वडवणीचा बाजार आठवला. मेंढा विकला की दोर दुसऱ्याच्या हातात देताना तुम्ही मान फिरवायचा. मला वाटायचं, डोळ्यावर ऊन येतं म्हणून.

काल सिनेमा संपल्यावर निर्माता खुशीत होता. म्हणाला, मान मोडायचा प्रसंग आणखी लांबवू, पब्लिक तिथंच आहे. मी म्हणालो, तो प्रसंगच निघणार. सातवा समुद्र काळा होणार आणि सिनेमा तिथंच संपणार. तो हसला, मग हसायचा थांबला. "अहो, राक्षस जिवंत ठेवून पोरांना घरी पाठवायचं? आणि राजकन्येचं काय?"

आबा, याचं उत्तर तुमच्याकडं तरी कुठं होतं? पोपट वाचवलात आणि ती पोरगी इतकी वर्षं तशीच राक्षसाच्या घरी ठेवलीत. तिचा विचार केला होता का कधी? या एका गोष्टीचा मला सकाळपासून तुमचा राग येतोय. तो प्रसंग ठेवावा तर माझं उत्तम काम राहतं, राजकन्या सुटते, पोरं खूश. काढावा तर तीन वर्षांच्या मेहनतीला शेवटच नाही. एकदा वाटतं, तुम्ही भित्रे होता. मग वाटतं, भित्रे असता तर करडईचे काटे कशाला घातले असते?

आत्ता हे लिहिता लिहिता फोन उचलला. काढा, म्हणालो. का, तर पोरं घाबरतात. ते साफ खोटं होतं, टाळ्या त्यानंही ऐकल्या होत्या. तो अजून ओरडतोय, उद्या पुन्हा ओरडेल, आणि मी टिकेन की नाही मला सांगता येत नाही.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, म्हणून खरं ते लिहून टाकतो. काल राजपुत्रानं पोपटाच्या मानेला हात घातला तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून अक्काचा हात आला. खरखरीत, डाळीचा वास असलेला. तिनं तो माझ्या डोळ्यांवर ठेवला, पन्नाशीच्या माणसाच्या, त्यानंच काढलेल्या सिनेमात. पोरं ओरडत होती. मी तो हात काढला नाही, आणि हुंकारही दिला नाही.