जावयाचं लाल बटण

आप्पा, काल तुमची गाडी विकायला आम्ही सांगलीला गेलो होतो, विश्रामबागेत. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. तिच्यापायी दारात दुसरी गाडी लावायला जागा नाही, असं तुमच्या जावयांचं म्हणणं. खोटं नाही ते. मीच हो म्हटलं होतं. पण कराड सोडल्यापासून मी तिचा डॅशबोर्डच पुसत बसले होते.

मलकापूरच्या आपल्या गॅरेजात दर दिवाळीआधी तुम्ही ती चाचणी घ्यायचात. गाडी उभ्या जागी सुरू ठेवायची आणि पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी दडलेल्या डबीवर मूठ मारायची. आतली लोखंडी गोळी जागची हलते, पेट्रोल तुटतं, इंजिन दोन आचके देऊन बंद. तुम्ही हसत सांगायचात, "धक्का बसला की ह्यो जावई रुसतो बग. कोपऱ्यात बसून समदं घर बंद पाडतोय. डबीवरचं लाल बटण दाबून त्येची समजूत काढायची." मी एकदा थेट बटण दाबलं तेव्हा मात्र हातावर चापट बसली. "आदी वास घे. खाली वाकून बग, पेट्रोल गळतंय का. ठोकलेल्या गाडीत असं बटण दाबशील तर जळून मरशील, पोरी." आणि लग्नानंतर हे पहिल्यांदा गॅरेजात आले तेव्हा तुम्ही गाडीत डोकं घालून मला ओरडून सांगत होता, "जावई रुसलाय, दाब त्येला जोरात." हे बिचारे चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आवं मामा, मी कुटं रुसलोय?" त्या दिवशी आपण हसून हसून खाली बसलो होतो.

काल गाडी घ्यायला आलेले गृहस्थ भले होते. ते स्टिअरिंगवर, मी शेजारी, हे मागे. गाडी पहिल्या किल्लीला इतकी गोड सुरू झाली की मला तिचा रागच आला. "घेतलीच म्हणून समजा," ते म्हणाले. मी चप्पल शोधायच्या निमित्तानं वाकले आणि डबीवर ठोसा दिला. दोन आचके, इंजिन बंद. त्यांनी पाच-सहा वेळा किल्ली फिरवली. "लय दमलीय की गाडी, वैनी," असं म्हणून उतरले.

मी मान खाली घालून बसले होते. मागून ह्यांचा शांत आवाज आला, "जावई रुसला न्हवं? वास घे आदी." मग स्वतःच उतरून त्या गृहस्थांना सांगून आले, की गाडी ठणठणीत हाय, पण विकायची न्हाई. मी वास घेतला, खाली वाकून बघितलं, बटण दाबलं. परतताना मलकापूर येईपर्यंत आम्ही तुमच्याच गोष्टी सांगत होतो. दुसरी गाडी आता गल्लीत लावायचं ठरलंय.

हे पत्र गाडीच्या कागदांबरोबर पुढच्या कप्प्यात ठेवतेय. एक सांगायचं राहिलं. तुमचा एकच ठोसा असायचा, मला काल दोन लागले. पहिल्यानं काहीच झालं नाही तेव्हा जीव खाऊन दुसरा मारला. बोट अजून सुजलंय. सासूबाईंना दारात सापडलं म्हणून सांगितलंय.