आवक: १३ मार्च

१३ मार्च
इथल्या डँडेनाँग उपनगरातली चार दुकानं पालथी घातली. शिक्क्याची जांभळी शाई कुठेही नाही. एवढा श्रीमंत देश, पण सरकारी कागदाला शोभेल असा रंग ठेवत नाही. शेवटी लवादाच्या पत्रावर बॉलपेननेच लिहिलं: आवक, १३ मार्च. (पत्र जुन्या घरी पडून होतं. पत्ता कळवायचा राहिला. कामं.)
पत्रात माझ्या आश्रयाच्या अर्जाला नकार आहे. परत गेलो तर जिवाला धोका, हे त्यांना पटत नाही. पटेल. मायदेशी किलिनोच्चीच्या सरकारी कचेरीत एकवीस वर्षं अर्ज तपासलेत मी. कोर्टात जायला पस्तीस दिवस. म्हणजे १७ एप्रिल. भरपूर.

२० मार्च
कुगन म्हणाला, अण्णा, मंगळवारी वकील कागद फुकट बघतात, दाखवून या. हा माझा खोलीतला जोडीदार, कारखान्यात कोंबड्या कापतो. म्हटलं, मी रांगेत उभा राहू? म्हणाला, कचेरी तिकडे राहिली, इथे तुम्ही सुपरमार्केटच्या ट्रॉल्या ढकलता.
फाइलची पानं लावत बसलो. पातळी असते.
बायकोचा, तवमलरचा फोन. ते साध्या कपड्यातले मोटरसायकलवाले दोघं तिकडे घरी पुन्हा आले. चपला न काढता ओसरीवर उभे राहिले. मी कधी येतो, विचारलं. नेहमीची चौकशी असावी.

२ एप्रिल
फाइल २१४ पानं. कुगनने कुठेतरी वाचलं: कोर्ट फक्त लवादाने कायद्याची चूक केली का तेवढं बघतं. तुमचा जीव बघत नाही, अण्णा.
जाड फाइल कोणी फेकत नाही. अनुभव आहे.
त्या दोघांनी फाटकाचा फोटो काढला म्हणे. तवमलरला म्हटलं, गाडीचा नंबर लिहून घे. म्हणाली, नंबरच नाही.
२१५वं पान म्हणून हे लिहून फाइलला लावलं.

१६ एप्रिल
कोर्टात अर्ज दाखल. एक दिवस आधीच.
खिडकीवरच्या बाईंचं वेगळंच. म्हणे मुदत निर्णयाच्या तारखेपासून. निर्णय ४ मार्चचा, मुदत ८ एप्रिललाच संपली. मी आवक दाखवली. बाई म्हणाल्या, हे तुमचंच अक्षर आहे ना?
मुदतवाढीचा रकाना भरायला लावला. उशिराचं कारण: 'उशीर झालेला नाही' असं लिहिलं. ठणकावून.

२९ ऑगस्ट
सुनावणी. अकरा मिनिटं. न्यायाधीशांनी दुभाष्यामार्फत दोनच गोष्टी विचारल्या. उशीर का, आणि लवादाची कायद्यातली चूक कोणती. पहिल्याला आवक दाखवली. दुसऱ्याला फाइल पुढे सरकवली. त्यांनी चष्मा काढून फाइलची जाडी बघितली. प्रभाव पडलेला दिसतो.

१९ सप्टेंबर
मुदतवाढ नामंजूर. कारण पुरेसं नाही, कायद्याची चूक दाखवलेली नाही. देश सोडायची तयारी करायची आहे.
तवमलरला अजून सांगितलं नव्हतं. तिचाच फोन आला. ते दोघं येऊन गेले. म्हणाले, तारीख ठरली की कळवा, विमानतळावर घ्यायला आम्हीच जाऊ.
तुम्ही येणार हे त्यांना कोणी सांगितलं, तिने विचारलं. मी म्हटलं, जेवलीस का.
फेब्रुवारीत कुगनचा एक नारळ न विचारता फोडला होता. आज त्याच्या बदल्यात बाजारातून आणला. कानाशी हलवून पाणी बघितलं. तो कामावर होता. त्याच्या फळीवर ठेवला.