तपासणीपुरती आई

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. मी धडधाकट आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. फोनच केला असता, पण तुझ्याकडे फोन वाजला की तो आधी आईच्या हातात जातो, आणि तिला ऐकू यावं म्हणून तुम्ही तो मोठ्या आवाजावर लावता, मग घरभर माझाच गळा. या वेळी जे सांगायचंय ते तिच्या कानावर नको. म्हणून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. सावकाश वाच. मीही थांबत थांबतच लिहितेय, कारण समोर एका बाईंचा कोट उसवून पडलाय आणि त्या आज संध्याकाळी न्यायला येणार आहेत.

आधी इकडचं सांगते. गल्लीच्या तोंडाशी ते मोठं हॉस्पिटल सुरू झाल्यापासून आपल्या गल्लीला भलताच भाव आलाय. किराणावाल्याने दुकान औषधवाल्याला देऊन टाकलं, चांभाराच्या जागी चष्म्यांचं काचेचं दुकान आलं. आपलं घर मात्र होतं तस्संच आहे. जिन्याचा कठडा अजून हलतो आणि वरच्या खोलीतला ओलीचा डाग पसरत पसरत खिडकीपर्यंत आलाय. पण पालिकेच्या लेखी आपण आता श्रीमंत! घरपट्टी घराच्या किमतीवर लागते ना, घरातल्या माणसांच्या कमाईशी तिला काय देणंघेणं? अरे, भिंतींची किंमत वाढली म्हणून माझ्याकडे कुणी जास्तीच्या पँटी आखूड करायला आणून टाकत नाही. पलीकडच्या डॉक्टरांचं घर आपल्याच मापाचं, त्यांचं बिल आणि आपलं बिल सारखंच. ते बिल आलेलं त्यांच्या लक्षातही राहत नसेल. मी त्याच्यापायी दाताचं काम पुढे ढकलत आलेय आणि एका बाजूने चावायची सवय करून घेतलीय.

फुकट काही नकोय मला, हे तुला वेगळं सांगायला नको. दिवे लागतात, नळाला पाणी येतं, कचरा उचलला जातो, या सगळ्याला पैसे पडतात. पण आपली झाडूवाली मावशी आहे ना, तिच्या नावावर एक वीट नाही. तरी घरमालकाने घरपट्टी वाढली म्हणत तिचं भाडं वाढवलं. म्हणजे रस्ता झाडायचा तिने आणि झाडण्याचे पैसेही द्यायचे तिनेच. हे ऐकून मी संतापले, आणि तीच मला म्हणाली की ताई, चहा टाका, डोकं नका तापवू. खरंय तिचं. आता संतापायचं म्हटलं तरी दम लागतो.

आपण इतकी वर्षं तगलो ते त्या सवलतीवर. घर म्हाताऱ्या माणसाच्या नावावर, मिळकत बेताची आणि ते माणूस स्वतः त्या घरात राहत असलं, तर घरपट्टीचा मोठा हिस्सा माफ. घर आईच्या नावावर, आई इथेच, त्यामुळे कधी प्रश्न आला नाही. मग ती जिन्यावरून पडली. मी शिवलेले कपडे पोचवायला गेले होते, परत येईपर्यंत ती तशीच खालच्या पायरीशी पडून होती, आणि वर मलाच म्हणाली की उशीर का केलास. तू आलास, तिला घेऊन गेलास. तुझ्याकडे लिफ्ट आहे, न्हाणीघर खोलीला लागून आहे, तुझी बायको तिचं मायेने करते. मी त्या दिवशी रडले ते दुःखाने कमी आणि सुटकेने जास्त, हे तुला तेव्हा कळलं होतं की नाही कोण जाणे. पण आई तुझ्याकडे गेली आणि तिच्यामागोमाग सवलत जायची वेळ आली. पालिकेतल्या खिडकीवरची मुलगी भली आहे. तिने समजावून सांगितलं की लोक आईबापांच्या नावावर घरं ठेवतात, स्वतः भाडं खातात, म्हणून आता तपासनीस घरी येऊन माणूस बघणार. तिचंही काही चुकत नाही रे. चोरांसाठी लावलेल्या कुलपात आपलं बोट सापडलं, एवढंच.

तर आता गल्लीत काय चाललंय ते ऐक. तपासणीच्या आठवड्यात सगळी म्हातारी मंडळी माघारी येताहेत. कुणाची आजी लेकीकडून, कुणाचे सासरे धाकट्या मुलाकडून. आंघोळी घालून, केस विंचरून, एकेकाला दारात खुर्चीवर बसवलंय. तपासनीस पुढे सरकला की मागची खुर्ची रिकामी, आणि माणूस परत गाडीत. मला आधी हसू आवरेना. शिंपीणबाईला एरवी कोण विचारतं, पण या आठवड्यात माझ्याकडे आजोबांच्या कोटांची रांग लागलीय. सगळे वाळलेत बिचारे, सगळ्यांचे कोट आत घ्यावे लागताहेत.

काल सुताराच्या घरची तपासणी झाली. त्याचे वडील गेली काही वर्षं लेकीकडेच असतात, त्यांना आता फारसं आठवत नाही. सुताराने त्यांची दाढी केली, जुना स्वेटर घातला, आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडून घोकवून घेतली. मी कोट द्यायला गेले होते, म्हणून समोरच उभी होते. तपासनीस पोरगेलासा होता, अदबीने बोलत होता. त्याने आजोबांना तब्येत विचारली. आजोबांनी ठणठणीत म्हणून सांगितलं, आणि मग त्याचा हात धरून विचारलं की तुमच्याकडे गाडी आहे का, मला घरी सोडाल का, मुलगी वाट बघत असेल. सुतार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तपासनीसानेही मान खाली घातली, पण लिहायचं ते लिहिलं. सवलत गेली. बाप घाबरून लेकीचं नाव घेत राहिला, तेव्हा सुताराने त्याला उराशी धरलं, आणि मी कोट तिथेच ठेवून पळ काढला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. आपल्या आईचं असं होणार नाही. ती एकही उत्तर चुकणार नाही. परवा फोन तिच्या हातून घेऊन तू हलक्या आवाजात म्हणालास की शुक्रवारी सुट्टी काढून तिला घेऊन येतो, शनिवारची तपासणी झाली की रविवारी परत निघू, आणि मीही हो हो म्हटलं. मागून आईचा आवाज येत होता. माझी उशी उन्हात टाक म्हणत होती. वरची खोली झाडून ठेव म्हणत होती. रविवारचं तिला कुणी सांगितलेलंच नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तपासनीस विचारेल, आजी इथेच राहता का, आणि ती मान ताठ करून हो म्हणेल, हे माझंच घर आहे म्हणून सांगेल, आणि ते तिच्या मनापासून असेल. आपल्याला सवलत मिळेल. आणि मग रविवारी सकाळी तुला आणि मला, दोघांनी मिळून, तिला तिच्या घरातून बाहेर काढून गाडीत बसवावं लागेल. तिला ठेवून घ्यावं म्हटलं तर तो जिना आहे, आणि मी दिवसभर कामात किंवा बाहेर. ते मला झेपणार नाही, तुलाही माहीत आहे.

म्हणून हे पत्र. शुक्रवारी आईला आणू नकोस. मी पालिकेत कळवून टाकते की ती इथे राहत नाही. औषधवाला पुढची खोली माल ठेवायला मागतोय, ती देईन, मशीन मागे नेईन. तेवढ्याने भागलं नाही तर घर विकायचं बोलू, पण ते तू आणि मी, तिच्या पाठीमागे. तिने पिशवी भरून ठेवली असेल, ती रिकामी करायला लागेल. तेव्हा तिला तब्येतीचं, रस्त्याचं काही निमित्त सांगत बसू नकोस, तिला लगेच कळतं. सरळ सांग की ताईच नको म्हणाली, ताईला आता एकटीनेच राहायचंय. चिडेल. माझ्याशी फोनवर बोलणार नाही. चिडू दे. माझ्यावर चिडली तर निदान जेवेल तरी, घर आठवत बसली तर जेवणार नाही.

तुझीच,
ताई