पुढची ओळ

३ नोव्हेंबर, सोमवार

डाव्या कानात अजून घूं घूं चाललंय. भाजीत मीठ जास्त झालं होतं — होतंच. ह्यांचा हात उठला आणि मी कपाटावर आदळले.

दुकानात ताईंना सांगितलं, न्हाणीघरात पाय घसरला. चष्म्याची काच घासता घासता त्या थांबल्या. "न्हाणीघर बदला तुमचं," म्हणाल्या. दुकान त्यांचं, मी तिथे कामाला, त्यामुळे मला उठूनही जाता येईना. ही वहीसुद्धा इथेच ठेवते, काचांच्या खोक्यांमागे.

काल सासूबाईंनी कानाला लावायला ओला फडका आणून दिला. वर नेहमीचंच — "सोसणाऱ्याच्या पाठीशी देव असतो. ग्रंथातच लिहिलंय."

लिहिलंय खरं. कानापेक्षा तेच जास्त दुखतं.

५ नोव्हेंबर

पहाटे ग्रंथ उघडला. बाबांचा. लग्नात एवढंच मागून आणलं होतं. लहानपणी अर्थ कळायचा नाही, पण एकेक शब्द लिमलेटच्या गोळीसारखा गालात धरून बसायचे. अजूनही तसंच. वाचते तेवढा वेळ भीती वाटत नाही.

आतून ह्यांचा खोकला आला. पान मिटलं.

८ नोव्हेंबर

ते वचन कुठे आहे ते इतक्या वर्षांत कधी शोधलंच नव्हतं. आज सापडलं.

एक राजा नोकरांना मारत असतो. एक साधू दरबारात येतो आणि राजाला — राजाला! — म्हणतो, "सोसणाऱ्याच्या पाठीशी देव असतो." आणि लगेच पुढची ओळ, "म्हणून हात आवर."

म्हणजे मार खाणाऱ्याला सांगितलेलंच नाही ते. मारणाऱ्याला सांगितलंय.

९ नोव्हेंबर

आता वेगळीच भीती. मी सोयीचा अर्थ तर काढत नाहीये ना? ज्याच्यावर इतका जीव आहे, त्यालाच वाकवायचं?

पुन्हा वाचलं, पहिल्या ओळीपासून, मला काय हवंय ते बाजूला ठेवून. राजा हात आवरत नाही. मग साधू त्या नोकरांना घेऊन वाड्याबाहेर पडतो. देव त्याला रागवत नाही. कुठेच रागवत नाही.

१२ नोव्हेंबर

सासूबाईंना मोतीबिंदू, म्हणून सुट्टीच्या दुपारी मी वाचून दाखवते. काल तेच पान वाचलं. का वाचलं? अक्कल गहाण टाकली होती!

त्या अंदाजाने चाललेलं विणकाम बाजूला ठेवून बसल्या. "परत वाच." वाचलं. "परत." वाचलं. मग म्हणाल्या, "आम्हाला एवढंच सांगितलं होतं, पहिलं. पुढचं कुणी वाचलंच नाही."

उठून आत गेल्या. जेवल्या नाहीत.

लेकाला सांगतील. सांगणारच. आई ती आई.

१४ नोव्हेंबर

सांगितलं!

काल संध्याकाळी दुकानातून आले तर हे दारातच. "आईला काय काय वाचून दाखवतेस? फार शहाणी झालीस?" ग्रंथ कपाटात टाकला, किल्ली खिशात. मारलं नाही. ते जास्त भयंकर — नुसते बघत राहिले. सासूबाई आतल्या खोलीत, दार लावून. बाहेरही आल्या नाहीत.

१५ नोव्हेंबर

आज दुकानात रडले. काच फुटली हातातली. ताईंनी दुकानाचा फोन पुढे सरकवला. मावशीला लावला. "येऊ का?" एवढंच म्हटलं. मावशी म्हणाली, "अगं, ये ना. विचारत काय बसलीस!"

ग्रंथ मिळणार नाही. घाबरून आठवून पाहिलं — ते पूर्ण प्रकरण तोंडपाठ आहे मला. कधी झालं कोण जाणे. कुलूप लागलं ते कागदाला.

आणि हो, झाले मी शहाणी. तो विचारत होता ना?

"तो" लिहिलं मी. खोडणार नाही.

१७ नोव्हेंबर

उद्या सकाळी. तो कामाला गेला की. पिशवी भरून लपवलीय.

दुकानातून आल्यावर भांडी घासताना सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "पिशवी कुठे ठेवलीयस?" कसली पिशवी, म्हटलं. त्या नुसत्या बघत होत्या — त्याच्यासारख्याच.

आज बोलतील त्याच्याशी. माझं काही खरं नाही. आता ही वहीसुद्धा दुकानातून आणलीय, पिशवीतल्या ब्लाउजच्या घडीत ठेवते.

१८ नोव्हेंबर

मावशीकडे पोचलो. दोघी.

सकाळी तो गेला तशा सासूबाई दारात आल्या, स्वतःची पिशवी घेऊन. त्यांनी बाही वर केली. दंड काळानिळा. ग्रंथाला कुलूप लागलं त्या दिवशी, मी दुकानात असताना त्याच त्याला म्हणाल्या होत्या, "हात आवर." "त्याने माझ्यावर हात उचलला तो पहिल्यांदा नव्हे," म्हणाल्या, "पण आजवर गप्प राहिले."

गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "खिडकीची जागा मला दे गं. दिसत नाही, पण वारा लागतो."